निनावी समूह आणि लोकसहभाग : सुरतेच्या इतिहासातील काही पाने



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. मराठी साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने इंटरनेटवरील निनावी समूहांविषयी बोलावे हे वरवर पाहता विसंगत दिसते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला टोपणनाव, निनावी पत्र आणि ‘एक वाचक’ अशी सही या गोष्टी परक्या नाहीत. आपल्या मराठी वैचारिक गद्याचा प्रारंभच मुळी नाव झाकून झाला. म्हणून एक साधा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो : नाव न सांगता सार्वजनिक जीवनात भाग घेणारा माणूस धैर्यवान समजावा की भित्रा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. तापीच्या काठचे हे आपले शहर साडेतीनशे वर्षे त्याची निरनिराळी उत्तरे देत आले आहे.

१. महाजनांचा एकच चेहरा

सुरतेचे नाव निघताच मराठी माणसाला जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० ही दोन सालें आठवतात. या दोन स्वाऱ्यांच्या दरम्यान, १६६९ साली, या शहरात आणखी एक घटना घडली. तिची आठवण आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी ठेवली नाही. औरंगजेबाच्या कारकिर्दीत येथील काझीच्या जुलमाला कंटाळून सप्टेंबर १६६९ मध्ये सुमारे ८,००० वाणी पुरुष शहर सोडून भडोचकडे निघून गेले. बायकामुले त्यांनी जवळच्या आप्तांच्या हवाली केली आणि दुकाने बंद केली. हे वृत्त आपल्याला इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारातून कळते. वखारीचा अध्यक्ष त्या वेळी जेराल्ड ऑंजियर हा होता. निघण्यापूर्वी व्यापाऱ्यांनी पाच जणांचे शिष्टमंडळ त्याच्याकडे पाठविले आणि मुंबईत आश्रय मिळेल काय, अशी विचारणा केली. त्या पाचांत भीमजी पारेख हे होते. बादशहाची इतराजी ओढवेल या भीतीने ऑंजियरने तूर्त मुंबईचा विचार सोडण्याचा सल्ला दिला.

शहराची अवस्था बिकट झाली. टांकसाळ आणि जकातघर ओस पडले, बाजारात जिन्नस मिळेनासे झाले. अखेर बादशहाकडून अभयाचे आश्वासन आल्यावर डिसेंबरच्या अखेरीस ही मंडळी परतली. या तीन महिन्यांत कोणावर शस्त्र उचलले गेले नाही.

आठ हजारांपैकी किती जणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. सत्तेच्या दृष्टीने तो एक निनावी समूह होता आणि त्याचे सामर्थ्यही त्यातच होते. कोणा एकाला पकडून भागणार नव्हते. परंतु आतून पाहिले तर चित्र अगदी निराळे दिसते. प्रत्येक व्यापारी आपल्या ज्ञातीत, आपल्या महाजनात, आपल्या पोळात नावानिशी ओळखला जात होता. कोण गेला आणि कोण मागे राहिला याचा हिशेब होता. बोलणी करण्यास पाच माणसे पुढे झाली ती या आतल्या ओळखीच्या बळावर. या व्यवस्थेला कठोर बाजूही होती हे विसरून चालणार नाही. महाजनाचा शब्द मोडणाऱ्याला वाळीत टाकले जाई, आणि बाहेरच्या जुलमाविरुद्ध उभी राहिलेली ही एकजूट आतल्या जबरदस्तीपासून मुक्त नव्हती.

पुढे कंपनी सरकारच्या राज्यातही सुरतेने हे हत्यार वापरले. १८४८ साली नवी वजनमापे लादण्याचा प्रयत्न झाला तेव्हा शहराने व्यवहार थांबविले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराविरुद्ध येथील कापडबाजार कित्येक दिवस बंद राहिले, तेव्हा या परंपरेचा धागा अजून तुटलेला नाही हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

२. १८४४ : एका वर्षात दोन वाटा

सुरतेच्या इतिहासात १८४४ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. ऑगस्टच्या अखेरीस शहरात हरताळ पडला, मोठा जमाव रस्त्यावर आला आणि दंगल झाली. या जमावाला पुढारी नव्हता, सभा नव्हती, अर्ज नव्हता. पण मीठ प्रत्येकाच्या चुलीशी निगडित होते. सरकारला वाढ कमी करून बारा आण्यांवर यावे लागले. जमाव ज्या वेगाने जमला त्याच वेगाने विरला. दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा प्रश्न पुन्हा उभा राहण्यास अजून शहाऐंशी वर्षे अवकाश होता.

याच वर्षी, या दंगलीच्या दोनच महिने आधी, २२ जून १८४४ रोजी याच शहरात मानवधर्म सभेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध करून ते येथील सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले होते. त्यांच्यासोबत दुर्गाराम मेहताजी, दलपतराम, दिनमणिशंकर आणि दामोदरदास हे होते. पाचही नावे ‘द’ने सुरू होतात, म्हणून गुजरातीत यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. ही मंडळी उघडपणे सभा भरवीत, जातिभेदावर आणि मंत्रतंत्रावर टीका करीत, आणि अंगात आणणाऱ्या भुवांना चारचौघांत प्रचिती दाखविण्याचे आव्हान देत. मराठी आणि गुजराती शिक्षकांनी खांद्याला खांदा लावून केलेले हे काम या शहराला भूषणावह आहे. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस गेले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटास गेले, आणि सभा थांबली. नावानिशी चालणारी संस्था त्या नावांबरोबरच मावळली.

मुंबईस गेल्यावर दादोबांच्या प्रेरणेने १८४९च्या सुमारास परमहंस मंडळी स्थापन झाली, आणि येथे मात्र मार्ग पालटला. ही सभा गुप्त होती. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण द्यावी, असा तेथे दंडक होता. दादोबांनी आपला ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथही ‘एक जगद्वासी आर्य’ या नावाने प्रसिद्ध केला. सुरतेत जो माणूस भर सभेत भुवांना आव्हान देतो, त्याच्याच प्रेरणेने मुंबईत दारे लावून सभा भरावी, यात भित्रेपणा पाहणे अन्यायाचे होईल. त्या काळी जातिबहिष्कार म्हणजे मुलीचे लग्न मोडणे, श्राद्धाला ब्राह्मण न मिळणे आणि मृतदेहाला खांदा न मिळणे. समाजात हजार सभासद गुप्तपणे झाले की मग प्रकट व्हायचे, असा मंडळींचा विचार असल्याचे सांगितले जाते. ती वेळ आली नाही. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. तिच्यातील काही जण पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात उघडपणे एकत्र आले.

याच तर्खडकर घराण्यातील एक बंधू भास्कर पांडुरंग यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रात ‘एक हिंदू’ या सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी राज्याची त्यांत परखड चिकित्सा होती. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा सिद्धान्त मांडला त्याच्या कितीतरी आधी या पत्रांनी तो विचार बोलून दाखविला. ही पत्रे भास्कर पांडुरंगांची असल्याचे इतिहाससंशोधक ज. वि. नाईक यांनी दाखवून दिले. पत्रांतला युक्तिवाद निनावी असूनही टिकला, कारण त्याला आधार व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा नव्हता, मुद्द्याचा होता. नाव झाकल्याने विचार हलका होतो हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

३. फ्रेंच गार्डनमधील जोडा

आता या शहरातील सर्वांत प्रसिद्ध निनावी कृत्याकडे वळू. डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूरऐवजी सुरतेला घेण्याचे ठरले आणि तापीकाठच्या फ्रेंच गार्डनच्या मैदानात मंडप उभा राहिला. डॉ. रासबिहारी घोष हे नियोजित अध्यक्ष. कलकत्त्याच्या अधिवेशनातील स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे ठराव मागे घेतले जातील, अशी राष्ट्रीय पक्षाला भीती होती. २७ डिसेंबरला लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले आणि सूचना मांडण्याचा आपला हक्क सांगत हाताची घडी घालून उभे राहिले. गोंधळ वाढला, आणि मंडपातून एक जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. त्या वेळी हजर असलेला इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन याने आपल्या ग्रंथात या जोड्याचे मोठे तपशीलवार वर्णन केले आहे. जोडा मराठी बनावटीचा, तांबूस कातड्याचा आणि निमुळत्या टोकाचा होता. जोड्याची जात कळली, पण फेकणारा कोण हे कळले नाही.

खुर्च्या आणि काठ्या चालल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला, आणि राष्ट्रीय सभा दुभंगली ती १९१६च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. सभा मोडण्यास कारण ठरलेली आज्ञा टिळकांना न विचारता आपण दिली होती, असे श्री अरविंदांनी पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात नमूद केले. त्या आज्ञेला उशिरा का होईना, एक नाव मिळाले. जोड्याला ते कधीच मिळाले नाही. परिणाम मात्र नावे असलेल्यांना भोगावे लागले. अवघ्या सात महिन्यांत, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्यामागे अखंड राष्ट्रीय सभा उभी नव्हती.

या जोड्याची तुलना ‘एक हिंदू’च्या पत्रांशी करून पाहावी. दोन्ही कृत्ये निनावी. पत्रांना उत्तर देता येत होते, त्यांतला मुद्दा खोडता किंवा मान्य करता येत होता. जोड्याला उत्तर एकच, आणि ते म्हणजे दुसरा जोडा.

४. बारडोलीची सही आणि मुंबईचे रेडिओ केंद्र

गांधीयुगात या प्रश्नाला नवे वळण मिळाले. सत्याग्रहाचा पायाच मुळी प्रकटपणा हा होता. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात १९२८ साली सारावाढीविरुद्ध लढा झाला तेव्हा शेतकऱ्यांनी प्रतिज्ञापत्रावर आपापली नावे घातली. जप्ती कोणाकडे आणायची हे सरकारला शोधावे लागले नाही. वल्लभभाईंनी गावोगावी छावण्या उभारल्या, रोजची पत्रिका काढली, आणि म्हशी घरात कोंडून घेऊन माणसांनी दिवस काढले. सरकारने सुमारे २२ टक्के वाढ लादली होती. चौकशीअंती ती ६.०३ टक्क्यांवर आली. निनावी दंगलीने १८४४ साली मिठाचे चार आणे वाचविले होते. बारडोलीच्या सह्यांनी त्याहून मोठी गोष्ट साधली. तेथील सामान्य शेतकऱ्याला आपण या देशाच्या कारभारात मोजले जातो, याची जाणीव झाली.

तरीही १९४२ साली गुप्ततेची गरज पुन्हा भासली. सुरतेजवळच्या सरस गावी २५ मार्च १९२० रोजी जन्मलेल्या उषा मेहता त्या वेळी मुंबईत शिकत होत्या. पुढारी तुरुंगात गेले होते, वृत्तपत्रांवर बंधने होती. उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीस गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. हिंदुस्थानातील कुठल्याशा ठिकाणाहून बोलत आहोत, एवढीच ओळख श्रोत्यांना दिली जाई. पोलिसांच्या पाठलागामुळे जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर छापा पडला. चौकशीत उषाबेनने सहकाऱ्यांविरुद्ध एक शब्दही काढला नाही आणि चार वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी त्या येरवड्यास गेल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. साताऱ्यातही क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार भूमिगत राहूनच चालले. स्वतः गांधीजींना ही गुप्तता मान्य नव्हती. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला.

गांधीजींचा आक्षेप आदरपूर्वक ध्यानात ठेवूनही मला असे वाटते की, काँग्रेस रेडिओच्या गुप्ततेत एक नीती होती. नाव राज्यकर्त्यांपासून झाकलेले होते, सहकाऱ्यांपासून नव्हते. आणि नाव उघड झाल्यावर त्याची किंमत स्वतः मोजण्याची तयारी होती.

५. मुखवट्यांचे युग

आता आपल्या काळाकडे येऊ. २००३ साली अमेरिकेत एक चित्रफलक इंटरनेटवर सुरू झाला. तेथे नाव न लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मजकुरावर आपोआप ‘अनामिक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द उमटे. थट्टामस्करीसाठी जमलेल्या या मंडळींतून त्याच नावाचा समूह निर्माण झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये एका धर्मपंथाविरुद्ध तो अनेक देशांत रस्त्यावर उतरला तेव्हा चेहऱ्यावर गाय फॉक्सचा मुखवटा होता. डिसेंबर २०१० मध्ये विकिलिक्सची देणगी अडविणाऱ्या आर्थिक कंपन्यांची संकेतस्थळे या समूहाने बंद पाडण्याचा प्रयत्न केला. ९ जून २०१२ रोजी इंटरनेटवरील बंदीविरुद्ध मुंबईच्या आझाद मैदानात तेच मुखवटे दिसले.

या समूहाला सभासदत्व नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. जो स्वतःला त्यात समजेल तो त्याचा. दूर बसलेल्या, एकट्या, भिडस्त माणसालाही त्याने सहभागाची वाट मोकळी करून दिली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने येथे काहीतरी सर्वस्वी नवे घडले आहे. सुरतेचे वाणी राज्यकर्त्याला अनोळखी होते, पण एकमेकांना ओळखत होते. परमहंस मंडळींची यादी होती. या नव्या समूहात माणसे जगालाच नव्हे तर एकमेकांनाही अनोळखी आहेत. त्यामुळे विश्वासघात झाला तरी कोणी केला हे कळत नाही. या समूहाच्या एका शाखेचा म्होरक्या जून २०११ मध्ये पकडला गेला आणि कित्येक महिने अमेरिकन तपासयंत्रणेसाठी काम करीत राहिला. सोबत्यांना ते मार्च २०१२ मध्ये कळले. चोरीला गेलेल्या यादीची ही नवी आवृत्ती होती.

सत्तेनेही आपली उत्तरे शोधली. ऑगस्ट २०१५ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात हिंसाचार झाला तेव्हा गुजरातभर मोबाइलवरील इंटरनेट काही दिवस बंद राहिले. जमावाला नाव नव्हते, म्हणून माध्यमच बंद केले गेले. याउलट नोव्हेंबर २०१२ मध्ये, आपल्या मुंबईच्या वाटेवर लागणाऱ्या पालघर येथे, दोन तरुणींनी स्वतःच्या नावाने आपले मत मांडले आणि त्यांना अटक झाली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम रद्द केले. नाव सांगून बोलणाऱ्याला अटक होते तेथे लोक मुखवटे शोधणारच. निनावीपणाविषयी तरुणांना उपदेश करण्यापूर्वी नावानिशी बोलणाऱ्याचे आपण किती रक्षण करतो, हे आपणा वडीलधाऱ्यांना तपासावे लागेल.

निनावीपणा दुर्बलांचीच ढाल असतो असेही नाही. राजकीय पक्षांना नाव न सांगता देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना २०१८ पासून अमलात होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. बलवान जेव्हा नाव झाकतो तेव्हा मतदाराच्या माहितीच्या हक्कावर घाला येतो. झाकलेले नाव कोणाचे आणि कोणापासून झाकलेले, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारला पाहिजे. दुसरा प्रश्न असा, की त्या कृत्याचा जाब विचारण्याची वेळ आली तर उत्तर द्यायला कोणी उभे राहणार आहे काय.

६. सर्वांत मोठा निनावी समूह

लोकशाहीने निनावीपणाला एका ठिकाणी पवित्र स्थान दिले आहे. ते स्थान म्हणजे मतपेटी. गुप्त मतदानात सावकाराला ऋणकोचे, मालकाला कामगाराचे आणि जातपंचाला ज्ञातिबांधवाचे मत कळत नाही. उधना-लिंबायतच्या चाळींतून राहणारा खानदेशातून आलेला यंत्रमाग कामगार आणि घोडदोड रस्त्यावरचा व्यापारी तेथे सारखेच निनावी आणि म्हणून सारखेच समर्थ असतात. मात्र या निनावी मताच्या उंबरठ्यावर नावे असतात. उमेदवाराचे नाव, त्याच्या सूचकांचे नाव आणि त्यांची सही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या सुरतेत काय घडले हे आपणांस ठाऊक आहे. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावरील सह्या आपल्या नाहीत, असे सूचकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले. अर्ज बाद झाला, उरलेल्या उमेदवारांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिल रोजी निवडणूक बिनविरोध जाहीर झाली. ७ मे रोजी गुजरातेत इतरत्र मतदान झाले तेव्हा लक्षावधी सुरतकरांना मत देण्याचा प्रसंगच उरला नव्हता. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणही त्यांच्यापुढे आले नाही. कोणत्या पक्षाचे बरे झाले आणि कोणाचे वाईट, याची चर्चा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते की, मूठभर सह्या नाकारल्या गेल्या आणि शहराचा सर्वांत मोठा निनावी समूह मुका झाला. ज्या जिल्ह्यात बारडोलीच्या शेतकऱ्याने जप्ती समोर दिसत असता आपली सही मागे घेतली नाही, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता द्यावयास हरकत नाही. नाव झाकणारा माणूस भित्रा असतोच असे नाही, आणि धैर्यवान असतोच असेही नाही. ‘एक हिंदू’ने मुद्दा मांडला, उषाबेनने किंमत मोजली, आणि दोघांच्या निनावीपणातून देशाला काही मिळाले. जोडा फेकणाऱ्याने मागे फक्त दुफळी ठेवली. गुप्त मत देण्याचे स्वातंत्र्य टिकायचे असेल तर उघड सही करण्याची आणि तिच्यामागे उभे राहण्याची तयारी समाजात काही जणांनी ठेवलीच पाहिजे.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हातात आज रोज शेकडो निनावी संदेश येऊन पडतात. पुढे पाठविताना त्यांनी एवढा विचार जरी केला की, याखाली मी माझे नाव लिहीन काय, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे मी समजेन. हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागते. हजेरीच्या वेळी नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणून उभे राहण्यापासूनच ती सुरू होते, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत त्या शिक्षकांच्या पिढीने ती या शहरात लावली.